निकालानंतरचा तपास: ‘मिसेस मॅगिंटीज डेड’ कसं वाचावं

जेम्स बेंटलीला फाशीची शिक्षा सुनावून झाली आहे. खटला रीतसर चालला, ज्युरीने त्याला दोषी ठरवलं, गावाच्या लेखी विषय संपला. आणि ज्या सुपरिंटेंडेंट स्पेन्सने त्याच्याविरुद्धचा पुरावा गोळा केला, तोच निवृत्तीच्या तोंडावर हर्क्युल प्वारो या खासगी गुप्तहेराच्या घरी येऊन बसतो. पुराव्यात खोट नाही, पण मन घेत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. ॲगाथा ख्रिस्तीची १९५२ सालची ‘मिसेस मॅगिंटीज डेड’ ही कादंबरी इथून सुरू होते.

पाचपैकी चार तारे. कोड्याच्या बांधणीत ख्रिस्तीबाईंची याहून घट्ट पुस्तकं आहेत, हे आधीच मान्य. पण कुणीही लबाडी न करता, खोटा साक्षीदार उभा न करता, पोलिसांनी मनापासून काम करूनही चुकीचा माणूस फासापर्यंत कसा पोचू शकतो, हे इतकं साधेपणाने दाखवणारी रहस्यकथा दुसरी चटकन सांगता येणार नाही. नाशिकमध्ये सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात रोज येणारे वकील, कारकून, पोलीस, आणि नुसतेच तारखेला येऊन बसणारे, यांनी तर ती वाचावीच. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढलेल्या वाचकाला सुरुवातीला ती थंड वाटेल. पाठलाग नाहीत, पिस्तुलं नाहीत. घरोघर जाऊन चहा पीत मारलेल्या गप्पा आहेत. त्या गप्पाच पुरावा आहेत, हे ध्यानात घेतलं की वेग आपोआप येतो.

प्रकरण असं. ब्रॉडहिनी नावाच्या खेड्यात मिसेस मॅगिंटी ही विधवा राहते. चार घरची धुणीपुसणी करते आणि घरात एक भाडेकरू ठेवते. एका सकाळी ती डोक्याच्या मागच्या बाजूला घाव बसून मेलेली सापडते. जमिनीच्या फळीखाली लपवलेले तीस पौंड गायब. भाडेकरू बेंटली बेकार आहे, भाडं थकलेलं आहे, कोटाच्या बाहीवर रक्त आणि केस आहेत, आणि पैसे घरामागे एका दगडाखाली सापडतात. हत्यार मात्र मिळत नाही.

पहिल्या काही प्रकरणांत एवढं येऊन जातं. इथे पुस्तक बाजूला ठेवून एक कागद घ्यायचा आणि हा सगळा मुद्देमाल आपल्या मापाने मोजायचा. माप आयतं आहे. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, खालच्या दोन्ही न्यायालयांनी दिलेली फाशी रद्द करून आरोपीला सोडताना, परिस्थितीजन्य पुराव्यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या. निकालपत्रातच त्यांना पंचशील म्हटलं आहे आणि वकिलांच्या तोंडी आजही तोच शब्द आहे. ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढायचा ती पूर्णपणे सिद्ध झालेली हवी. ‘झाली असेल’ चालत नाही, ‘झालीच’ लागते. सिद्ध झालेल्या गोष्टी आरोपीच्या दोषाशीच जुळायला हव्यात. त्या निर्णायक स्वरूपाच्या हव्यात. दुसरी कोणतीही शक्यता त्यांनी शिल्लक ठेवता कामा नये. आणि साखळी इतकी पूर्ण हवी की आरोपी निर्दोष असेल असं मानायला वाजवी कारणच उरू नये.

आता बेंटलीचा कागद तपासा. बाहीवर रक्त आहे, हे सिद्ध. ते कसं लागलं, हे सिद्ध नाही. घाव घालताना उडालेल्या रक्ताचे थेंब पडतात, शिंतोडे उडतात; पडलेल्या माणसाला हात लावताना किंवा वाकून पाहताना लागलेलं रक्त पुसल्यासारखं, फासल्यासारखं दिसतं. एकाच घरात राहणारा माणूस प्रेताजवळ गेला असेल तर दुसऱ्या प्रकारचा डाग अगदी निरुपद्रवी ठरतो. गेलोच नाही असं तो म्हणत असेल तर तोच डाग गळ्याशी येतो. म्हणून बेंटलीची जबानी वाचताना तो नेमके कुठले शब्द वापरतो तिकडे लक्ष ठेवा. घाबरलेला माणूस खोटं बोलला म्हणजे त्याने खून केलाच असं होत नाही, ही गोष्ट कोर्टात जितकी बोलली जाते तितकी मानली जात नाही.

पैशांचंही तसंच. ते दगडाखाली होते, हे सिद्ध. तिथे बेंटलीने ठेवले, हे कुणी पाहिलेलं नाही. आपल्याकडे आरोपीने दिलेल्या माहितीवरून वस्तू मिळाली तर त्या माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात येतो. जुन्या पुरावा कायद्यातलं हे कलम २७. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ च्या परंतुकात गेलं आहे. बेंटलीने पैसे काढून दिलेले नाहीत. घरामागचा दगड कुणालाही उचलता येतो, आणि कुणालाही त्याखाली काही ठेवता येतं. फळीखाली पैसे आहेत हे गावात आणखी कुणाला माहीत होतं, हा प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. भाडं थकलं होतं हा हेतूचा पुरावा झाला, पण भाडं थकलेली माणसं इंदिरानगरपासून सिडकोपर्यंत हजारोंनी आहेत. हत्यार नाही म्हणजे साखळीची एक कडी पहिल्यापासूनच गायब. सगळं जोडलं की बेंटलीबद्दल जोरदार संशय उरतो, शिक्षा उरत नाही. मौज अशी की परिस्थितीजन्य पुराव्यावरचा आपल्याकडचा पायाभूत निकालही १९५२ चाच, तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्यातल्या एका सरकारी टेंडरच्या प्रकरणातला.

ही कसरत केली नाही तर काय बिघडतं? वाचक स्पेन्सच्या शंकेला पोलिसाचा लहरीपणा समजतो आणि प्वारो केवळ मित्राच्या शब्दाखातर गावात गेला असं धरून चालतो. मग मधली शंभर पानं भरताड वाटतात. बऱ्याच जणांचं हे पुस्तक तिथेच सुटतं.

दुसरी अडचण घड्याळाची. बेंटलीच्या फाशीला मोजकेच दिवस उरले आहेत आणि कुणी त्यावर फारसा आरडाओरडा करत नाही, याचं मराठी वाचकाला नवल वाटतं. आपल्याकडे सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. नाशिकच्या न्यायालयात शिक्षा लागली तर आरोपीने अपील करो न करो, कागद मुंबईला जातातच. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय, त्यानंतर राज्यपाल आणि राष्ट्रपती. यात वर्षं जातात. इंग्लंडमध्ये तेव्हा अपिलाचं न्यायालय होतं, गृहमंत्र्याकडे दयेचा अर्जही करता येई, पण हे सगळं काही आठवड्यांत उरकत असे. लंडनमध्ये टिमथी इव्हान्स या तरुणाला जानेवारी १९५० मध्ये शिक्षा झाली आणि ९ मार्चला फाशी. त्याच घरात खाली राहणारा, इव्हान्सविरुद्ध साक्ष देणारा शेजारी अनेक बायकांचा खुनी होता हे १९५३ मध्ये उघड झालं, आणि इव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली ती १९६६ साली. त्या शेजाऱ्याचं आडनाव ख्रिस्ती. लेखिकेशी त्याचा काही संबंध नाही.

नावांचा याहून चमत्कारिक योगायोग पुढचा. कादंबरी मार्च १९५२ ची. तीत फाशीच्या छायेतल्या माणसाचं आडनाव बेंटली आहे, आणि वर्तमानपत्रात आलेल्या एका जुन्या खून प्रकरणातल्या पुरुषाचं आडनाव क्रेग. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला क्रॉयडनमध्ये एका पोलीस शिपायाचा खून झाला. गोळी झाडणारा सोळा वर्षांचा मुलगा क्रेग, आणि त्याच्याबरोबर होता म्हणून फासावर गेलेला डेरेक बेंटली. २८ जानेवारी १९५३ ला फाशी, ३० जुलै १९९८ ला शिक्षा रद्द. आपल्याकडेही यादी रिकामी नाही. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहा जणांना फाशी ठरवली आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पुस्तक वाचताना बेंटलीचं घड्याळ खोटं वाटू लागलं तर हे आठवावं.

आता पुस्तकाच्या गाभ्याकडे. पोलिसांनी एकच प्रश्न विचारला होता: हे कुणी केलं असेल? घरात भाडेकरू होता, उत्तर हातात आलं. प्वारो गावात येऊन वेगळंच विचारत सुटतो. मेलेली बाई कोण होती? कुठे कामाला जायची? कुठल्या वारी कुठलं घर? शेवटच्या दिवसांत नेहमीपेक्षा वेगळं काय वागली? लोक खांदे उडवतात. साधी कामवाली बाई होती, तिच्यात वेगळं काय असणार!

गंगापूर रोडच्या कुठल्याही सोसायटीत सकाळी साडेसातला गेटवर उभं राहिलं तर या प्रश्नाचं उत्तर मिळतं. मावशी सात क्रमांकात धुणं करतात, अकरात भांडी, पंधरात फरशी. कुठल्या कपाटाची किल्ली कुठे असते, कुणाच्या भिंतीवरचा फोटो परवा उतरवला, कुणाकडे नवरा-बायको वेगळ्या खोल्यांत झोपतात, कुणाची औषधं कसली, हे त्यांना माहीत असतं. आणि त्यांना ते माहीत आहे हे कुणाच्याच डोक्यात नसतं, कारण आपण त्यांच्यासमोर बोलतो ते कुणासमोरच बोलत नाही अशा थाटात. ख्रिस्तीबाईंनी नेमकं हे पकडलं आहे. मिसेस मॅगिंटी मोठी हुशार वगैरे नाही. तिला फक्त घरांचं आतलं माहीत आहे. ब्रॉडहिनीतले सभ्य लोक तिच्याबद्दल बोलताना जे सहज, बेफिकीर वाक्य टाकतात, ते प्रत्येक वाक्य जपून वाचा. त्यांच्या तिरस्कारात कधी कधी माहिती असते.

तपासाचा धागा सुटतो तो शाईच्या बाटलीपासून. मरणाच्या थोडे दिवस आधी तिने गावच्या पोस्टाच्या दुकानातून शाई विकत घेतली. कधी पत्र न लिहिणाऱ्या बाईला शाई कशाला लागली? तिच्या सामानात एक रविवारचं वर्तमानपत्र आहे आणि त्यातला एक भाग कापून घेतलेला आहे. त्या अंकात जुन्या खून प्रकरणांशी संबंधित चार बायकांचे फोटो होते आणि या बायका आता कुठे आहेत, असा सवाल. त्यातला एक फोटो तिने कामाच्या कुठल्यातरी घरात पाहिलेला असणार. इतकी माहिती मलपृष्ठावर किंवा पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात मिळते, म्हणून ती इथे सांगायला हरकत नाही. यापुढचं सांगणार नाही.

इथे दुसरा कागद काढावा लागतो. चार रकाने करा: इव्हा केन, जेनिस कोर्टलंड, लिली गॅम्बॉल, व्हेरा ब्लेक. प्रत्येकीच्या खाली प्रकरण कधी घडलं, तेव्हा तिचं वय काय, ती पुढे कुठे गेली असं वर्तमानपत्र म्हणतं, तिला मूलबाळ झालं का, एवढं लिहा. मग गोष्टीच्या काळातलं तिचं वय काढा. लिली प्रकरणाच्या वेळी लहान मुलगी होती, त्यामुळे तिचा हिशेब बाकीच्यांपेक्षा वेगळा पडतो. मुलाबाळांची वयंही काढा. हा हिशेब केला नाही तर अर्धं गाव तपासातून आपोआप सुटतं. आणि रविवारच्या वर्तमानपत्रातली माहिती शपथेवर दिलेली नसते. रडक्या शैलीतली ती बातमी वाचताना मजकूर किती आणि मसाला किती, हे वेगळं करावं लागतं. इव्हा केनच्या प्रकरणावर १९१० च्या क्रिपेन खटल्याची, म्हणजे बायकोच्या खुनाबद्दल फासावर गेलेल्या एका डॉक्टरच्या खटल्याची, सावली आहे. तो ठाऊक असेल तर वाचायला रंगत येते, पण त्यावरून निष्कर्ष काढायला जाल तर फसाल.

तिसरा कागद घरांचा. समरहेज यांचं लॉंग मेडोज, जिथे प्वारो पैसे देऊन राहतो. अपवर्ड आई-मुलगा. वेदरबी कुटुंब. निवडणुकीला उभा राहणारा कार्पेंटर आणि त्याची बायको. डॉक्टर रेंडेल. या घरांत मिसेस मॅगिंटीचं जाणंयेणं होतं का, हे एका खुणेने दाखवा. इंग्रजी नावं मराठी वाचकाच्या डोळ्यांना एकसारखी दिसतात, आणि इथे तर इव्हा आणि इव्ह अशी जवळजवळ सारखी नावं मुद्दाम पेरली आहेत. नाव नीट न वाचता पुढे सरकणारा वाचक पन्नासाव्या पानापर्यंत गोंधळलेला असतो आणि मग दोष पुस्तकाला देतो.

हत्यार सापडलेलं नाही हे विसरू नका. खेड्यातल्या घरांतल्या वस्तू इकडून तिकडे जातात: उसन्या दिल्या जातात, धर्मादाय विक्रीत येतात, कुणीतरी पुन्हा विकत घेतं. स्वयंपाकघराचं वर्णन आलं की भराभर पान उलटू नका. आपल्याकडे गुळाची ढेप फोडायला जे लागतं, त्याचे तिकडचे भाईबंद त्या काळच्या इंग्लंडमध्येही घरोघर होते. याहून जास्त नाही.

विनोदाबद्दल लिहायला हवं, कारण या पुस्तकाची चव तिथेच आहे. नीटनेटकेपणाचा भक्त असलेला प्वारो समरहेजबाईंच्या घरी उतरतो. तिथे दारं लागत नाहीत, गार वारा थेट पाठीत शिरतो, कुत्री कुठेही लोळतात, आणि जेवण असं की ते पोटात जाण्यापेक्षा खुनी परवडला. त्यावेळी इंग्लंडमध्ये रेशनिंग चालू होतं. साखर १९५३ मध्ये मोकळी झाली, मांस १९५४ मध्ये. जेवणाच्या हालांमागे बाईंच्या अंगच्या गलथानपणाइतका त्या टंचाईचाही हात आहे. शिवाय मिसेस ऑलिव्हर नावाची रहस्यकथा लेखिका इथे हजर आहे. तिने वर्षानुवर्षांपूर्वी एक फिनलंडचा गुप्तहेर निर्माण केला, आता तिला त्याचा वीट आलाय, आणि एक तरुण नाटककार तिच्या कादंबरीचं नाटक करताना त्या गुप्तहेराची पार वाट लावतोय. प्वारोला कंटाळलेल्या ख्रिस्तीबाईंनी स्वतःचीच केलेली ही थट्टा आहे. मराठीत कादंबरीचं नाटक होताना लेखकाने डोक्याला हात लावल्याचे प्रसंग ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही पानं जास्त आवडतील. आणि ती वाटतात तितकी रिकामी नाहीत.

एक तारा का कापला, तेही सांगायला हवं. मधल्या भागात प्वारोच्या फेऱ्या एकाच साच्यात पडतात: दार, चहा, चार फोटो, चेहऱ्याकडे बारीक लक्ष, निरोप. तीन घरं झाल्यावर चौथ्या घरात काय होणार हे कळू लागतं. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. बेंटली हा माणूस म्हणून फारच फिका आहे. घाबरट, बोलताना कुढणारा, स्वतःची बाजू मांडायचीही उमेद नसलेला. हे मुद्दाम आहे, कारण असाच माणूस ज्युरीला नकोसा वाटतो. पण लेखिकेलाही तो फारसा आवडत नसावा. त्याच्या कोठडीतल्या दिवसांना पुरेशी जागा नाही. फाशीची भीती आपल्याला स्पेन्सच्या तोंडून कळते, बेंटलीच्या अंगातून नाही. कामवाल्या बाईबद्दलही तेच. तपास तिच्याभोवती फिरतो, पण तिचं दुःख गावात कुणालाच नाही, आणि ते कुणालाच नाही हे पुस्तकाला जितकं बोचायला हवं तितकं बोचत नाही.

इंग्रजीत वाचायचं की मराठीत? मधुकर तोरडमलांनी ख्रिस्तीच्या बऱ्याच कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्यामुळे मराठी वाचकाला प्वारो नवा नाही. इंग्रजी झेपत असेल तर हे पुस्तक इंग्रजीतच वाचा. इंग्रजी क्रियापदाला लिंग नसतं. माणूस कोण हे न सांगता इंग्रजीत पान-पानभर लिहिता येतं. हिंदीत ‘कोई आया था’ म्हटलं की पुरुष डोळ्यासमोर येतो. मराठीत आपण ‘कोणीतरी आलं होतं’ म्हणतो आणि नपुंसकलिंग अनुवादकाला वाचवतं. पण दर वाक्याला ते वाचवू शकत नाही. साक्षीदाराने एकदा ‘तो गेला’ किंवा ‘ती गेली’ म्हटलं की दार बंद झालं. चांगला अनुवादक अशा जागी वाक्य फिरवतो. घाईत केलेल्या अनुवादात रहस्याला तिथेच भोक पडतं. अनुवाद हाती आला तर साक्षीदारांच्या जबान्यांमधली दोन-चार पानं आधी चाळून पाहावी.

इंग्रजी सोपं आहे. बारावीच्या इंग्रजीवर निभतं. चार शब्द आधी माहीत असलेले बरे. चारवुमन म्हणजे घरोघर साफसफाईला जाणारी बाई. लॉजर म्हणजे घरात एक खोली घेऊन राहणारा, बऱ्याचदा घरच्याच जेवणावर असणारा भाडेकरू. आपल्याकडच्या पेइंग गेस्टसारखा. इन्क्वेस्ट ही मरण कसं आलं याची कॉरोनर नावाच्या अधिकाऱ्यापुढची चौकशी, खटला नव्हे. एका पौंडाचे वीस शिलिंग आणि एका शिलिंगाचे बारा पेन्स. हा हिशेब १९७१ पर्यंत चालला. नावात जी ओळ आहे ती तिकडच्या मुलांच्या एका खेळगाण्यातली आहे, आणि खून झालेल्या बाईचं नाव निघताच स्पेन्सला ते गाणं आठवतं. त्यात गूढ अर्थ शोधत बसू नये.

प्रत घेताना काळजी घ्या. जुन्या बाजारात कॉलिन्सच्या फोंटाना मालिकेतल्या छोट्या आकाराच्या प्रती मिळतात. त्या स्वस्त असतात, पण पाठीचा डिंक वाळून कडक झालेला असतो; पुस्तक पूर्ण उघडलं की मधला गठ्ठा सुटून हातात येतो. घ्यायच्या आधी पुस्तक अर्धवट उघडून तीन ठिकाणी हलक्या हाताने दाबून पाहा. करकर आवाज आला तर वाचताना पानं गळणार. रस्त्यावर मिळणाऱ्या नकली छपाईत फर्म्याचा घोळ असतो: सोळा पानांचा एक फर्मा दोनदा आणि पुढचा गायबच. पानांचे आकडे सोळाच्या टप्प्याने चाळले तर मिनिटभरात कळतं. शेवटची दहा पानं आहेत का हे पाहा, पण वाचू नका. या पुस्तकात चार फोटोंची बातमी येते ती पानं असणं सगळ्यात महत्त्वाचं; ती नसतील तर प्रत परत करा. आपल्याकडच्या पावसाळ्यात गोदाकाठच्या जुन्या वाड्यांतून पिवळ्या कागदाला कसर लवकर लागते. पुस्तक भिंतीला चिकटवून न ठेवता बोटभर जागा सोडून ठेवावं. विकत घ्यायचं नसेल तर १८४० पासून चालू असलेल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात आधी चौकशी करणं शहाणपणाचं. ई-पुस्तकात नाव शोधायची सोय असल्याने घरांचा कागद करावा लागत नाही, पण एखादं नाव शोधताना पुढची ओळ नजरेखाली येते आणि सगळं संपतं. शोध फक्त मागच्या पानांपुरता वापरायची शिस्त जमत असेल तरच.

पडद्यावरच्या दोन आवृत्त्या. १९६४ च्या चित्रपटात प्वारो काढून ख्रिस्तीबाईंचीच दुसरी गुप्तहेर, मिस मार्पल, घातली आहे आणि गोष्ट जवळजवळ दुसरीच झाली आहे; ती आधी पाहिली तरी पुस्तक बिघडत नाही. प्वारोची भूमिका करणाऱ्या डेव्हिड सुशेचं २००८ सालचं दूरचित्रवाणी रूपांतर पुस्तकानंतर पाहावं.

याच विषयावर ख्रिस्तीबाईंची आणखी दोन पुस्तकं आहेत. ‘फाइव्ह लिटल पिग्ज’मध्ये शिक्षा झालेली बाई तुरुंगातच वारली आहे आणि सोळा वर्षांनी तिची मुलगी प्वारोकडे येते. ‘ऑर्डील बाय इनोसन्स’ १९५८ ची. तिथे आरोपी निर्दोष होता हे सिद्ध झाल्यावर घरच्यांना आनंद होत नाही, भीती वाटते, कारण मग खुनी त्यांच्यातलाच एक आहे. रचनेत पहिलं सरस, मनाला लागणारं दुसरं. तरी सुरुवात ‘मिसेस मॅगिंटी’पासूनच करावी, कारण आरोपी जिवंत असलेलं या तिघांतलं हे एकच.

वाचायला सहा-सात तास पुरतात. म्हणजे पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन त्याच गाडीने परतण्यात होतं. नाशिकरोडहून निघाल्यावर इगतपुरीपर्यंत मुद्देमालाचा कागद पुरा करा. घाटात खिडकीबाहेर बघायचं असतं. कल्याणपर्यंत शाईची बाटली आणि चार फोटो आटोपतात. परतीला घरांच्या फेऱ्या, ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत. गर्दीत उभं राहावं लागलं तरी हा भाग सोसतो. प्वारो सगळ्यांना एका खोलीत बोलावतो ते प्रकरण कसाऱ्याच्या आधी उघडू नका. घाटात बोगद्यांमुळे मोबाईल बंद पडतो, आणि इगतपुरी सोडली की देवळालीपर्यंत कुणी उतरायला उठत नाही.